खाटेवरचे दहा दिवस: उतारवय, व्यायाम आणि संसर्गाचे आजार

मंडळी, २०२१ चा एप्रिल आठवतोय ना? राज्याच्या आरोग्य खात्याने तेव्हा सहा मिनिटं चालून पाहण्याची चाचणी सांगितली होती. आरोग्यमंत्री होते राजेश टोपे, म्हणजे आपल्याच घनसावंगीचे. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, सपाट जागेवर सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा आकडा बघायचा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त घसरला किंवा धाप लागली, तर दवाखाना गाठायचा. दमेकऱ्यांनी ही चाचणी करायची नव्हती.

चालायलाच का सांगितलं? आपल्याकडे विहिरीचं पाणी मोटर लावल्यावरच कळतं. वरून भरलेली दिसते, पण अर्ध्या तासात उपसते. शरीराचंही तसंच आहे. बसल्या जागी सगळं ठीक वाटतं. शिल्लक किती ते चालताना कळतं. न्यूमोनिया किंवा इन्फ्लुएंझा याच शिलकीवर घाला घालतो.

कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोरोनाच्या ४८,४४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आठवड्यातून किती दिवस आणि किती मिनिटं व्यायाम करता, हे त्या रुग्णांना आजाराच्या आधीच विचारून ठेवलेलं होतं. आठवड्याला दीडशे मिनिटं नेमाने चालणाऱ्यांच्या तुलनेत, बसून राहणाऱ्यांचा दवाखान्यात भरती होण्याचा धोका सव्वादोन पट आणि दगावण्याचा जवळजवळ अडीच पट निघाला. आता कुणी म्हणेल, ज्यांची तब्येत आधीच ढासळलेली, तेच चालत नसतील! शंका रास्त आहे. संशोधकांनी मधुमेह, वजन, हृदयविकार यांचा हिशोब धरला होता, तरी अशा अभ्यासातून कार्यकारण पक्कं ठरत नाही. शिवाय त्यातले रुग्ण सगळे म्हातारे नव्हते. म्हणून आम्ही व्यायामाला लस म्हणत नाही. लस घ्यायचीच.

पण स्नायूंचं गणित मात्र आम्हाला पक्कं पटतं. संसर्ग झाला की भूक मरते आणि शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून प्रतिकारासाठी वापरायला लागतं. बेडका खोकून बाहेर काढायलाही छाती-पोटाच्या स्नायूंचा जोर लागतो. त्यात माणूस अंथरुणाला खिळला की काय होतं? २००७ साली अमेरिकेत धडधाकट, सरासरी ६७ वर्षांच्या बारा जणांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. आजार काहीच नाही. तरी प्रत्येकाच्या पायांतला सरासरी एक किलोच्या आसपास मांसल भाग गेला. आजारपणात तर याहून जास्तच जाणार.

आणि इथे आपल्या घरांत प्रेमापोटी चूक होते. ताप उतरतो, पण लेक-सून म्हणतात, "आबा, उठू नका, जागेवरच देतो सगळं." महिन्याभराने आबांना संडासला जायलाही आधार लागतो. आमचं म्हणणं असं, की ताप, धाप, छातीत दुखणं असेल तोवर व्यायाम नकोच. विषाणूची सूज हृदयालाही येऊ शकते. ताप गेला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की त्याच दिवशी खाटेच्या कडेला बसवा, जेवायला खुर्चीवर आणा, दाराशी नेऊन परत आणा. ताटात वरण, दूध, अंडं वाढवा. किडनीचा त्रास असेल तर तेवढं विचारून.

(श्रोत्यांतून प्रश्न: आम्ही शेतात जातो, तोच व्यायाम नाही का?)

आहे की! पण ताई, खरं सांगा, पेरणी-काढणीनंतर किती महिने ओट्यावर बसणं होतं? आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा? त्या दिवसांत पहाटे उठून चाला. मोती तलावापर्यंत जमत नसेल, तर अंगणात फेऱ्या घाला. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. दहा नाही जमल्या तर तीन. तोल जातो त्यांनी भिंतीजवळ करा, आणि घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहू द्या.