अनुभवाचा अर्थ आणि संशोधकाचा कान

घरी अहिराणी बोलणारे विद्यार्थी प्रमाण मराठीत लिहिताना कोणत्या चुका करतात, हे त्यांच्या उत्तरपत्रिकांवरून मोजता येते. परंतु धुळे किंवा नंदुरबारकडील एखादी विद्यार्थिनी मराठी विषय घेऊन पदवीच्या वर्गात बसते आणि ‘माले’ म्हणण्याऐवजी ‘मला’ म्हणू लागते, तेव्हा तिच्या लेखी नेमके काय घडते, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. हा प्रश्न अनुभवाचा आहे. अशा प्रश्नांसाठी ‘निर्वचनात्मक प्रघटनाशास्त्रीय विश्लेषण’ ही गुणात्मक पद्धती उपयोगी पडते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयपीए’ म्हणतात. (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचे लघुरूपही हेच आहे, भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गोंधळू नये.)

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्मिथ यांनी १९९६ मध्ये आरोग्य मानसशास्त्राच्या संदर्भात ही पद्धती मांडली. पुढे ती शिक्षणाच्या क्षेत्रातही आली. तिचे आधार तीन आहेत. अनुभव जसा प्रतीत होतो तसा पाहावा, ही हुसर्लपासून आलेली प्रघटनाशास्त्रीय दृष्टी हा पहिला. समजून घेणे म्हणजे अर्थ लावणेच होय, ही हायडेगर आणि गाडामर यांनी विकसित केलेली अर्थनिर्वचनाची भूमिका हा दुसरा. आणि प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र व सखोल अभ्यास हा तिसरा. म्हणूनच येथे सहभागींची संख्या अल्प असते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी तीन ते सहा व्यक्ती पुरेशा मानल्या जातात.

सहभागी व्यक्ती आपल्या अनुभवाचा अर्थ लावत असते आणि संशोधक तिने लावलेल्या अर्थाचा अर्थ लावत असतो. याला ‘दुहेरी निर्वचन’ म्हणतात. व्याख्या सोपी आहे, प्रत्यक्षात मात्र येथेच पाय घसरतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलाखतीत विद्यार्थिनी म्हणते, “वर्गात बोलायच्या आधी मी वाक्य मनात धुऊन घेते.” तुमची लेखणी लगेच समासात लिहील : ‘बोली अशुद्ध वाटते, न्यूनगंड.’ हा निष्कर्ष आकर्षक आहे, कारण तो तुमच्याजवळ आधीपासूनच होता. आता पुढे वाचा. “कापड घरचंच असतं, बाहेर जाताना धुतलेलं नेसतो ना, तसं.” येथे ‘धुणे’ म्हणजे मळ काढणे आहे, की चारचौघांत जाण्याची तयारी? ‘घरचंच’ मधील ‘च’ कशावर भर देतो? कदाचित तिच्या मनात लाज आणि आपलेपणा एकाच वेळी नांदत असतील. पहिली नोंद खोडू नका. तिच्याशेजारी दुसरी लिहा आणि संपूर्ण मुलाखत पुन्हा वाचून दोन्ही पडताळा. शब्दयोजना, अव्यये, रूपके यांकडे लक्ष देण्याची सवय भाषेच्या विद्यार्थ्याला असतेच. मराठीच्या पदवीधराचे या पद्धतीतील खरे भांडवल तेच, असे माझे मत आहे.

त्यासाठी मुलाखतीचे लिप्यंतर प्रामाणिक हवे. प्रकल्प तपासताना मला वारंवार आढळते, की सहभागीचे ‘माले वाटस’ विद्यार्थ्याने ‘मला वाटते’ असे सुधारून लिहिलेले असते. प्रमाण भाषेचा जाच हाच ज्या संशोधनाचा विषय, त्यात संशोधकच तो जाच करून मोकळा होतो! ती कोणत्या वाक्यात अहिराणीकडे वळली आणि कोठून परतली, हीच तर सामग्री. मूळ रूप जसेच्या तसे ठेवा. अर्थ हवा असल्यास खाली स्वतंत्र द्या.

मुलाखतीची प्रश्नसूची अर्धसंरचित असावी. ‘बोलीमुळे तुम्हाला कमीपणा वाटतो का?’ हा प्रश्न उत्तर हाती देतो. ‘वर्गात पहिल्यांदा बोललात तो दिवस सांगा’ असे म्हणून थांबावे. शांतता लगेच भरून काढू नये.

एका व्यक्तीचे विश्लेषण पूर्ण करूनच दुसरी मुलाखत हाती घ्यावी. प्रत्येकीची अनुभवसूत्रे आधी स्वतंत्र मांडावीत, मग तुलना करावी. एकीचे सूत्र दुसरीत आढळले नाही, तर ते गाळू नये. तो फरकही नोंदवावा. चार मुलाखतींवरून ‘खानदेशातील विद्यार्थ्यांना असे वाटते’ असे विधान मात्र करता येत नाही. तसे विधान हवे असेल, तर सर्वेक्षणाची वाट धरावी.

स्वाध्यायासाठी, परिचितातील एका व्यक्तीची संमती घेऊन अर्ध्या तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित करा. पहिल्या दोन पानांचे लिप्यंतर करा आणि समासातील आपल्या प्रत्येक नोंदीपुढे लिहा : हे तिने म्हटले, की मी?