सामायिक लायब्ररीचे नामकरण

अनेक प्रोग्रामांना लागणारे काम एकाच फाइलीत ठेवून ते सर्वांनी वापरावे, हे सामायिक लायब्ररीचे तत्त्व होय. त्यामुळे जागा वाचते आणि एकदा केलेली दुरुस्ती सर्वांच्या उपयोगी पडते. परंतु लायब्ररी बदलली आणि प्रोग्राम जुनेच राहिले, तर त्या दोहोंचे जुळेल याची हमी कोणी द्यावी? लिनक्स प्रणालीत ही हमी नावावर सोपविलेली आहे.

तेथे एका लायब्ररीस सामान्यतः तीन नावे असतात. 'झेडलिब' या संक्षेपण-लायब्ररीचे उदाहरण घ्यावे. 'लिबझेड.एसओ.१.२.१३' हे प्रत्यक्ष फाइलीचे नाव, 'लिबझेड.एसओ.१' हे एसओनेम, आणि 'लिबझेड.एसओ' हे केवळ लिंकरसाठी. प्रोग्राम बांधताना लिंकर तिसऱ्या नावाने लायब्ररी शोधतो. पण प्रोग्रामात नोंद करतो ती लायब्ररीतच लिहिलेल्या दुसऱ्या नावाची. पुढे लोडर त्याच नावाचा शोध घेतो. म्हणून १.२.१३ च्या जागी १.३.१ आली तरी जुना प्रोग्राम पूर्ववत चालतो. जुन्या प्रोग्रामांशी नाते तुटेल असा बदल झाला, तरच एसओनेममधील अंक वाढवावयाचा असतो.

डेबियन प्रणालीत हा अंक पॅकेजच्या नावातही येतो. 'लिबएसएसएल१.१' व 'लिबएसएसएल३' ही दोन पॅकेजे एकत्र नांदू शकतात, ती यामुळेच.

या संकेताची कसोटी २०२४ मध्ये लागली. ३२ बिटांत मोजलेला काळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. म्हणून डेबियनने ३२ बिटांच्या 'आर्म' यंत्रांसाठी कालगणना ६४ बिटांची केली. अनेक लायब्रऱ्यांची अंतर्गत जुळणी त्यामुळे बदलली. परंतु एसओनेमचा अंक वाढविणे हा मूळ कर्त्याचा अधिकार. वितरकाने तो परस्पर वाढविल्यास इतर वितरणांशी मेळ राहत नाही. तेव्हा एसओनेम तसेच ठेवून पॅकेजचे नाव तेवढे 'लिबएसएसएल३टी६४' असे करण्यात आले. ६४ बिटांच्या यंत्रांवर जुळणी बदललीच नव्हती. तेथे नवे पॅकेज जुन्या नावाची गरजही आपणच भागवितो असे जाहीर करते.

सारांश, नावातील अंक हे एक वचन आहे. लोडर अंक पाहतो, वचनाचा खरेपणा तपासत नाही. कर्ता अंक वाढविण्यास विसरला, तर प्रोग्राम बहुधा विनातक्रार सुरू होतो, आणि दोष प्रकट होतो तो नंतर, भलत्याच ठिकाणी.