सॅक्सोफोनची गुरगुर येते कुठून?

‘रूप तेरा मस्ताना’मध्ये (‘आराधना’, 1969) मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकून अनेकांनी हे वाद्य हातात घेतलं. पण आपल्या फुंकेतून भोंगाच निघतो म्हटल्यावर शंका येते ती वाद्यावर. काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : गुरगुर महागड्या माउथपीसमधून निघते.
वस्तुस्थिती : माउथपीस आणि रीड बदलली की आवाजाचा पोत बदलतो, हे खरं. पण गुरगुर, म्हणजे ‘ग्राउल’, वादकाच्या गळ्यातली असते. सूर वाजत असतानाच गळ्यातून दुसरा सूर गुणगुणायचा; दोन्ही कंपनं एकमेकांत मिसळून आवाज खरखरीत होतो. सॅक्सोफोनवादक अर्ल बॉस्टिकच्या वादनाची ती ओळखच होती.

गैरसमज : सूर वाकवायचा तर जबडा आवळायचा.
वस्तुस्थिती : आवळल्यानं रीड दबते, आवाज चिरका होतो आणि ओठ सोलवटतो. सूर वाकतो तो मुख्यतः जिभेचा मागचा भाग आणि घशाची पोकळी यांच्या बदलत्या आकारानं. सरावासाठी आल्टो सॅक्सोफोनच्या नुसत्या माउथपीसवर साधारण 880 हर्ट्झचा सूर स्थिर धरावा आणि जबडा न हलवता हळूहळू खाली उतरावं. नागस्वरवादकाच्या घरात जन्मलेल्या कदरी गोपालनाथ (1949–2019) यांनी किल्ल्यांच्या या वाद्यावर कर्नाटक संगीतातली गमकं आणली. त्यामुळे ‘सॅक्सोफोनवर आपलं संगीत वाजत नाही’ हेही खरं नाही.

गैरसमज : ‘स्लॅप टंग’ म्हणजे जिभेनं रीडवर फटका.
वस्तुस्थिती : फटका नव्हे, ओढ. टाळूला जीभ चिकटवून आपण ‘टॉक्’ करतो, तशीच ती रीडला चिकटवून झटक्यात सोडायची. सुटलेली रीड माउथपीसवर आपटते, तोच तो आवाज.

गैरसमज : अतितार सूर जोरात फुंकून किंवा गुप्त फिंगरिंगनं मिळतात.
वस्तुस्थिती : फिंगरिंगची मदत होते, पण तेवढ्यानं भागत नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये वादकांच्या तोंडातलं ध्वनिकंपन मोजून दाखवलं, की मुरलेले वादक या सुरांसाठी घसा आणि तोंडाची पोकळी अक्षरशः सुरात लावतात. नवख्यांना ते साधत नाही. सॅक्सोफोनवादक सिगर्ड राशेर यांच्या 1941 च्या पुस्तकातला सरावही याच दिशेचा आहे. सर्वांत खालच्या बी-फ्लॅटची बोटं धरून ठेवायची, त्यालाच षड्ज मानायचं आणि बोटं न हलवता त्याच नळीतून आधी वरचा षड्ज, मग पंचम, मग त्यावरचा षड्ज आणि गंधार काढायचा.

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत जो गंधार ऐकू येतो, तोच हा. गवई पहाटे खर्ज भरतो. सॅक्सोफोनवाल्यालाही उंच सुराची वाट खालच्या बी-फ्लॅटमधूनच सापडते.