मुलींना जगायला शिकवताना : पावणेदोनशे वर्षांचा मागोवा

मुलींनी शाळेत काय शिकावे, या प्रश्नावर महाराष्ट्रात जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी मुलांच्या अभ्यासक्रमावर क्वचितच पडली असेल. मुलगा शिकला की नोकरी करील, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत होते. मुलगी शिकून काय करील, यावर मात्र वाद झडत राहिले. आजच्या परिपत्रकांत ज्यांना ‘जीवनकौशल्ये’ म्हणतात, त्यांचा इतिहास या वादात आहे. मुलीला आयुष्य पेलता यावे, असे सगळेच म्हणत आले. ते आयुष्य कोणी आखायचे, यावर दर पिढीने वेगळे उत्तर दिले आणि त्या उत्तराप्रमाणे अभ्यासक्रम बदलला.

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा लिहिणे, वाचणे आणि हिशेब हेच मोठे धाडस होते. त्या शिक्षणातून काय निपजले, हे सात वर्षांत दिसले. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. आमच्यावर अन्याय करणारा धर्म आमचा कसा, असा तिचा रोखठोक सवाल होता. चिकित्सक विचार आणि निर्भीड संवाद ही दोन कौशल्ये आज प्रशिक्षण-पुस्तिकांत ठळक अक्षरांत छापतात. मुक्ताने ती कोणत्याही पुस्तिकेशिवाय दाखवून दिली होती.

पुढच्या पिढीत वाद पेटला तो १८८४ मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कूलवरून, म्हणजे आजच्या हुजूरपागेवरून. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही मंडळी शाळेच्या पाठीशी उभी होती. इंग्रजी, गणित आणि अकरा ते पाचची शाळा या गोष्टी ‘केसरी’ला मानवल्या नाहीत. मुलींना दोन-तीन तास पुरेत, बाकीचा वेळ घरकामाचा, आणि शिकवायचे ते संसाराला उपयोगी पडेल असे, हा त्या टीकेचा रोख होता. मुलींच्या शिक्षणाला उघड विरोध करणारे तोवर मागे पडू लागले होते. आता भांडण तासांचे आणि विषयांचे होते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्याच वर्षी पुण्यात आले. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी बायकांच्या हाती छापखाना दिला. टाइप जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे बायका करू लागल्या. ज्या बाईला परत जायला घरच नाही, तिला घरकामाचे धडे देऊन भागणार नाही, हे रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्यातून ओळखले होते. त्यांच्या लेखी जगण्याचे पहिले कौशल्य म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहणे.

महर्षी कर्व्यांची वाट थोडी निराळी. १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या आश्रमातून हिंगण्याचे काम वाढत गेले. टोकियोतल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचनात आली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून शिक्षण, आणि त्यात आरोग्यशास्त्र व गृहशास्त्राला मानाचे स्थान, अशी त्याची मांडणी होती. बाईचे कार्यक्षेत्र वेगळे, म्हणून अभ्यासही वेगळा, ही भूमिका आज अपुरी वाटते. पण ज्या घरांनी मुलींना इंग्रजी कॉलेजात पाठवलेच नसते, त्या घरांचे दरवाजे या तडजोडीने उघडले, हेही तितकेच खरे.

त्याच कर्व्यांच्या घरात दुसरे टोक होते. मुलगा रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होता. शरीर, संततिनियमन, बाईची इच्छा यांवर तो लिहीत राहिला, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटलेही त्याने सोसले. १९३४ च्या खटल्यात त्याची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. वडिलांचे आरोग्यशास्त्र वर्गात पोचले. मुलाचे ज्ञान वर्गाच्या दाराबाहेरच थांबले. ते दार आजही नीट उघडलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर अनेक शाळांत ‘मुलींचा विषय’ म्हणजे शिवण आणि गृहशास्त्र असे समीकरण होऊन बसले. त्या काळात शाळा शिकलेल्या बायकांना शिवणाची वही आठवत असेल. पानावर चिकटवलेले पांढऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे, एकावर धावदोरा, दुसऱ्यावर उलटी टीप, तिसऱ्यावर काज आणि बटण, खाली निळ्या शाईत टाक्याचे नाव. हात वळत, नजर तयार होई, हे नाकारण्यात अर्थ नाही. आक्षेप एवढाच की शेजारच्या वर्गात मुलगे सुतारकाम शिकत, आणि बटण तुटले तर ते बहिणीकडेच देत.

हाच आक्षेप राष्ट्रीय पातळीवर स्वच्छ शब्दांत मांडला हंसाबेन मेहता समितीने. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात फरक असावा का, हे तपासण्यासाठी नेमलेल्या या समितीने १९६४ च्या अहवालात माध्यमिकपूर्व टप्प्यापर्यंत एकच अभ्यासक्रम सुचवला, आणि गृहशास्त्र शिकवायचेच तर मुलग्यांनाही शिकवा असे म्हटले. कोठारी आयोगाने ती दिशा उचलून धरली. कागद पुढे गेला, शाळा सावकाश मागून आल्या.

जिथे हे खरोखर घडले असे एक ठिकाण शिरूर तालुक्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे, आणि ते गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे. त्यात चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. सगळे विभाग सगळ्यांना. त्यामुळे मुलगी वेल्डिंगचा होल्डर हातात धरते आणि मुलगा अन्नप्रक्रिया शिकतो. बाईच्या अंगी काय बाणवायचे यावर भाषणे न देता वेळापत्रकानेच तो प्रश्न सोडवला.

१९९० च्या दशकात जागतिक वारे आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ च्या सुमारास दहा मूलभूत जीवनकौशल्यांची यादी केली : निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, नातेसंबंध, स्वतःची ओळख, समानुभूती, भावना हाताळणे आणि ताण हाताळणे. शाळांच्या भिंतींवर तक्ते लागले. युनिसेफची मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट गावोगाव पोचले. एका गोष्टीत शाळेत जाऊ न शकणारी मीना मिठूला वर्गाच्या खिडकीशी पाठवते, त्याच्याकडून आकडे शिकते, आणि कोंबड्या मोजून चोरी पकडते. जिल्हा परिषदेच्या शाळांत मीना-राजू मंच निघाले. चांगल्या शिक्षिकेच्या हाती ते रंगले, बाकी ठिकाणी फलकावरच्या नावापुरते उरले.

शरीराच्या प्रश्नावर मात्र आपण पुन्हा रघुनाथरावांच्या काळात गेलो. २००५ मध्ये केंद्राने आणलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. संस्कृतीवर घाला, हे कारण पुढे आले. त्यानंतर ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी झाला. पण तो बहुतेकदा एखाद्या शाळेत भयंकर काही घडल्यावरच आठवतो.

या सगळ्या प्रयत्नांत निकाल मोजून पाहिलेले काम विरळच. त्यातले एक पैठण तालुक्यातल्या पाचोडचे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. यातल्या कितीतरी मुली शाळा सुटलेल्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या. म्हणून वर्ग संध्याकाळी, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास, एकूण २२५ तास. शिकवणारी बाई बाहेरून आलेली नव्हती. किमान सातवी शिकलेली गावातलीच बाई प्रशिक्षण घेऊन वर्ग घेई. आरोग्य, बालआहार, सामाजिक प्रश्न, जीवनकौशल्ये आणि स्थानिक संस्थांचा कारभार असा पाठ्यक्रम. ग्रामपंचायत कशी चालते, हे मुलीला कळले पाहिजे, असे इथे कुणाला तरी वाटले. पालकांशी बोलणीही आधीपासून सुरू होती. चार-एक वर्षांत या गावांतले मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर आले. एक वर्षच ना, असे शहरातला वाचक म्हणेल. सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढणाऱ्या मुलीच्या आयुष्यात एका वर्षाने काय फरक पडतो, हे गावातल्या नर्सला विचारावे.

पाचोडचा वर्ग शाळेबाहेरचा होता, पण शाळेने शिकावे असे त्यात बरेच आहे. सर्वांत आधी वेळ. आठवड्याला पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाकाठी वीस-बावीस तास होतात. तेही घटक चाचणी आली की गणिताला जातात. दुसरे, माणूस. मुलीला तिच्या गल्लीत भेटणारी, उद्याही तिथेच असणारी बाई हवी. एक दिवसाच्या शिबिराला येऊन फोटो काढून जाणाऱ्या पाहुण्याला ती तिचा प्रश्न सांगणार नाही.

काही गोष्टी वर्गाबाहेर झाल्या आणि त्यांनी वर्गापेक्षा जास्त काम केले. एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातल्या बस आणि सायकली यांनी आठवीनंतरची शाळा आवाक्यात आणली. रोज एकटीने प्रवास करणारी मुलगी निर्णय घ्यायला आपोआप शिकते. मार्च २०१८ मध्ये ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ सॅनिटरी पॅड मिळू लागले. शाळेच्या शौचालयात पाणी आणि आतून कडी नसेल, तर तो पुडा दप्तरातच राहतो.

अलीकडचे आशादायी वळण मुलग्यांच्या बाजूने आले. २००८ पासून मुंबईच्या ४५ महापालिका शाळांत कोरो, आयसीआरडब्ल्यू आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींना एकत्र बसवून समानतेवर आणि हिंसेवर बोलते केले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडतानाचे चित्र आले. त्यावर बातम्या झाल्या, यावरूनच ते किती उशिरा आले ते कळते.

राज्यात २००५-०६ मध्ये विशी ते चोविशीतल्या सुमारे ३९ टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा सुमारे २२ टक्के होता. याचे श्रेय एकट्या जीवनकौशल्यांचे नाही. रस्ते, शाळा, कायदा, घरची मिळकत, सगळ्यांचा वाटा आहे. तरी तेव्हाही दर पाचांत एकीहून जास्त. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ या क्रमांकावर मदत मागता येते, ही माहिती किती आठवीतल्या मुलींना तोंडपाठ आहे?

एवढ्या मोठ्या कालखंडाचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लख्ख दिसते. योजनांची नावे बदलत गेली. उपयोगी ठरले ते वेळ देणारे, गावातल्या माणसावर विश्वास टाकणारे आणि मुलग्यांना वगळून न चालणारे काम. तेव्हा पुढच्या पालकसभेत गुणपत्रक हाती घेण्याआधी मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा : जीवनकौशल्यांची तासिका कोणत्या वारी असते, ती कोण घेते, आणि त्या वेळी मुलगे कुठे असतात?