दांताचें मूळ

माहूरगडीं रेणुकामातेच्या दर्शनास जाऊन आलेल्या वाचकांना तेथील तांबूलाचा प्रसाद ठाऊक असेलच. विड्याचीं पानें, कात, चुना, सुपारी, बडीशेप हें सर्व कुटून त्याचा लगदा करितात व देवीस अर्पण झाल्यावर तोच भाविकांच्या हातावर ठेवितात. ज्यांच्या मुखांत एकही दांत उरलेला नाहीं असे वृद्धही तो सुखानें खातात. तेथें रांगेंत एकीकडे बोळक्या तोंडाचे आजोबा आणि त्यांचें बोट धरून पुढचे दोन दांत पडलेला सात वर्षांचा नातू असें जोडपें हटकून दिसतें. दांत टिकणें हें पुष्कळसें त्याच्या मुळावर अवलंबून असतें, आणि त्या मुळाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतूनही अज्ञान फार.

पडलेला दुधाचा दांत कौलावर फेंकण्यापूर्वीं न्याहाळून पाहिला, तर त्यास मूळ दिसत नाहीं. म्हणून अनेकांची समजूत कीं, दुधाच्या दांतास मूळ नसतेंच. वस्तुतः तें असतें. खालून पक्का दांत वर येऊं लागला म्हणजे तें झिजत जातें, आणि आधार गेल्यावर दांत हलूं लागतो. पक्क्या दांताची गोष्ट निराळी. तो हिरडींतून डोकावतो तेव्हां त्याचें मूळ अपुरेंच असतें. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें जी पहिली पक्की दाढ उगवते, तिचें मूळ नवव्या-दहाव्या वर्षीं पुरें होतें. ही दाढ कोणाची जागा घेत नाहीं, त्यामुळें कित्येक माता तीस दुधाचीच समजतात, आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून स्वस्थ बसतात. ही चूक आम्हांस सर्वांत महाग पडणारी वाटते.

मूळ वाढतें कसें? दांताचा माथा तयार झाल्यावर त्याच्या कडेपासून पेशींचा एक पातळ पडदा खालीं उतरूं लागतो. १८७४ साली हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें, आणि आजही तो त्याच्याच नांवानें ओळखिला जातो. पडद्याच्या आंतील बाजूच्या पेशी दंतद्रव्य घडवितात. मग पडदा ठिकठिकाणीं विरतो आणि बाहेरच्या पेशी मुळावर एक पातळ लेप चढवितात. या लेपांत रोवलेल्या तंतूंनींच दांत जबड्याच्या हाडास धरून राहतो. आतां कोणत्या पेशीनें केव्हां काय करावें, हा निरोप पोंचवितो कोण? तीं कांहीं सूक्ष्म प्रथिनें होत. त्यांस आपण वृद्धिकारक द्रव्यें म्हणूं.

यांपैकीं एका द्रव्याचा शोध दांतांच्याच निमित्तानें लागला. स्टॅन्ली कोहेन यांनीं उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांस टोंचला, तों त्यांचे डोळे वेळेच्या आधीं उघडले आणि पुढचे दांतही लवकर फुटले! त्या अर्कांतील प्रथिन १९६२ साली त्यांनीं वेगळें काढून दाखविलें. १९८६ चें नोबेल पारितोषिक त्यांस रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांजबरोबर मिळालें. पुढें अशीं अनेक द्रव्यें सांपडलीं. मुळाच्या बाबतींत तर २०१० साली असें दिसलें कीं, उंदराच्या त्या पडद्यांतील पेशींना यांपैकीं एका कुळाचा निरोप पोंचण्याची वाट बंद केली, तर दांताचा माथा तयार होतो, मूळ मात्र धरत नाहीं.

याचा घरगुती उपयोग काय, असें कोणी विचारील. मूळ अपुरें असतांना कीड किंवा मार लागून दांत आंतून मेला, तर निरोप थांबतात आणि मूळ तेथेंच अडतें. भिंती पातळ, टोंक उघडें. पूर्वीं अशा मुळांत वैद्य अनेक महिने चुना भरून ठेवीत. विड्याच्या डबींतला चुना आणि हा औषधी चुना रासायनिक दृष्ट्या एकच. पण म्हणून डबींतला चुना मुलाच्या दांतांत भरूं नये, हें सांगून ठेवितों! त्यानें टोंक बंद होई, परंतु भिंती पातळच राहत. २००१ नंतर निराळा मार्ग निघाला. मुळाची पोकळी स्वच्छ करून तींत टोंकापलीकडील रक्त येऊं देतात. त्या रक्ताच्या गांठींत आणि दंतद्रव्यांतही सांठलेलीं वृद्धिकारक द्रव्यें मोकळीं होऊन मुळाच्या टोंकाशीं असलेल्या मूलपेशींना पुन्हां कामास लावितात. कित्येक मुलांत मूळ लांब व जाड झालेलें क्ष-किरण चित्रांत दिसतें. सर्वांतच तें होतें असें नव्हे, आणि जितकें उशिरां न्यावें तितकी आशा कमी.

गडाच्या पायऱ्या उतरतांना धांवणारें मूल तोंडावर आपटून पुढचा पक्का दांत समूळ निखळला, तर नांदेड गांठीपर्यंत बराच वेळ सहज जातो. दांत कोरड्या रुमालांत गुंडाळून नेला तर मुळावरील पेशी वाटेंतच मरतात. म्हणून दांत माथ्याकडून धरावा, मूळ घांसूं नये, माती लागली असल्यास दुधानें किंवा क्षणभर पाण्यानें धुवावें, आणि जमल्यास तेथल्या तेथें खोबणींत बसवून मुलास स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावें. तें न जमलें तर दांत थंड दुधाच्या भांड्यांत टाकून तडक दंतवैद्याकडे न्यावा. मूळ अपुरें असलेल्या वयांत टोंक उघडें असतें, त्यांतून रक्तवाहिन्या पुन्हां आंत शिरण्याचा संभव असतो; आठ वर्षांच्या मुलाचा दांत जगण्याची आशा या एका बाबतींत चाळिशीच्या बापापेक्षां अधिक. दुधाचा दांत मात्र पुन्हां बसवूं नये, खालच्या पक्क्या दांतास त्यानें इजा होते.