टर्कीच्या पॉट कॉलसाठी लाकडाची निवड

अमेरिकेत वसंत ऋतूतील शिकारीच्या हंगामात रानटर्कीच्या नराला मादीच्या आवाजाची नक्कल करून जवळ आणण्यासाठी वापरले जाणारे एक साधन म्हणजे पॉट कॉल होय; यात उथळ, गोल लाकडी वाटीच्या तोंडावर पाटीचा दगड, काच किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती चिकटवलेली असते आणि तिच्यावर स्ट्रायकर, म्हणजे लाकडी दांडी, घासली असता आवाज उमटतो. वाटीच्या तळाशी भोके असतात व आत, चकतीखाली थोडे अंतर राखून, आवाज घुमवणारी दुसरी चकती बसवलेली असते.

लाकडाचा कठीणपणा त्यात पोलादी गोळी अर्धी रुतवण्यास लागणाऱ्या बलावरून मोजतात; या जांका मापानुसार काळा अक्रोड सुमारे १०१० पौंड, चेरी ९५० आणि कठीण मेपल १४५० पौंड भरते. मऊ लाकडाची वाटी सहसा उबदार, किंचित घोगरा आवाज देते, तर मेपलचा आवाज तीक्ष्ण असतो, असे कारागीर मानतात. तथापि भिंतीची जाडी व चकत्यांमधील अंतर यांचा प्रभाव लाकडाच्या जातीपेक्षा बहुधा अधिकच असतो, आणि देखण्या रेषांसाठी मोजलेली जादा किंमत कानाला नव्हे, डोळ्याला मिळते.

लाकूड नीट वाळलेले असणे मात्र अनिवार्य आहे, कारण ओलसर वाटी पुढे आक्रसून वाकडी होते व चकतीचा सांधा सुटतो. स्ट्रायकरसाठी हिकरी किंवा पर्पलहार्टसारखे घट्ट लाकूड घेतात. शिसवीच्या कुळातील कोकोबोलोही चालते, पण त्याच्या भुशाने त्वचेला व श्वासाला त्रास होऊ शकत असल्याने कातताना मुखपट्टी बांधावी.