तंबू शिवून घ्या, हार्नेस बदला

‘वापरलाच नाही, म्हणजे नवाच आहे,’ हे ट्रेकच्या सामानाबद्दल सर्रास ऐकू येतं. तुळिंजसारख्या दमट हवेच्या वस्तीत तर ते अजिबात खरं नाही. कामणदुर्ग किंवा टकमक किल्ला करून आलेला ओला तंबू घडी घालून माळ्यावर गेला, की वापर थांबतो, झीज थांबत नाही. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर बाष्पाने हळूहळू विघटित होतो. तंबू हाताला चिकट लागला, आंबूस वास आला, नखाने पापुद्रे सुटले, तर त्याचा पाऊस अडवण्याचा भरवसा संपला. बुटांचंही तसंच. शिवण उसवली तर मोची बूट उभे करतो. पण मधला फोमचा सोल भुसभुशीत झाला असेल, तर दोरा धरणार कशात?

उलट फाटका तंबू लगेच टाकायचं कारण नाही. चेनचा रनर बदलतो, शिवणीला सीलर लावता येतो, मोडलेल्या काठीवर नळी चढते. तंबू गळला तर रात्र ओली जाते, इतकंच.

हार्नेस, दोर आणि स्लिंगला मात्र ‘चालतंय तोवर चालवू’ हा हिशेब लावू नये. 23 ऑक्टोबर 2006 रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीत टॉड स्किनर हा नामवंत गिर्यारोहक दोरावरून उतरताना कोसळून मरण पावला. हार्नेसचा झिजलेला बिले लूप, म्हणजे दोर जोडायचा पुढचा फास, तुटला होता. त्या क्षणापर्यंत तो हार्नेस ‘चालतच’ होता. बहुतेक उत्पादक अशा कापडी साधनांना, न वापरताही, बनवल्यापासून जास्तीत जास्त 10 वर्षं देतात. नियमित वापरात ती बरीच आधी बाद होतात. तारीख आतल्या लेबलवर असते, ती वाचा. आणि माळ्यावर इन्व्हर्टरची बॅटरी असेल, तर दोर तिथून आजच हलवा. आम्लाने नायलॉन आतून कमजोर होतो, वरून काहीच दिसत नाही.

धातूच्या कॅराबिनरला अशी ठरावीक मुदत नसते. दोराने खोल खाच पडली, गेट अडकलं किंवा खाऱ्या हवेने गंज धरला, की कॅराबिनर बाद करायचा.

बाद केलेला हार्नेस भंगारात देण्याआधी त्याचे पट्टे कात्रीने कापा, दोराचेही तुकडे करा. नाहीतर दुसरं कुणीतरी त्यावर जीव टांगेल.